लामखालचा जेर

मोडी वाचायला लागून मला अकरा वर्षं झाली होती, तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका घरातून एका जुन्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे आली. खालच्या अंगाला मोडीत वतनी जमिनीचा तपशील होता. चतुःसीमा, बिघे, शेजारचे खातेदार, सगळं स्वच्छ लागत होतं. त्यात एक वाक्य होतं की ही जमीन 'कदीम सनदेप्रमाणे', म्हणजे जुन्या सनदेप्रमाणे, चालत आली आहे. सनद कोणाची, ते मोडीत कुठेच नव्हतं. ते वरच्या सहा ओळींत असणार हे उघड होतं, आणि त्या सहा ओळी फारसीत होत्या.

घरच्यांचं मागणं अगदी साधं होतं. "मॅडम, सनद कोणी दिली ते नाव तेवढं सांगा."

मला ते सांगता आलं नाही, आणि ते मनाला फार लागलं. कारण मोडी वाचणारा माणूस रोज अरबी-फारसीच वाचत असतो. शिवकालीन पत्राचा मायना घ्या. 'अजरख्तखाने राजश्री शिवाजीराजे दामदौलतहू'. यातलं 'दामदौलतहू' मी शेकडो वेळा उतरवून घेतलं होतं. अर्थही ठाऊक होता, त्यांची दौलत कायम राहो. पण हा शब्द मुळात कसा लिहितात, त्यातला 'हू' कुठून येतो, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. कागदावरचा सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतलं वर्ष, तर नुसते अरबी आकडे असतात. 'आर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ येतो, आणि सन मृगाला बदलत असल्यामुळे त्याचा पुढचा भाग १७७४ मध्ये जातो. हा हिशेब मी झोपेतही करेन. अरबीचं एक अक्षर मात्र मला ओळखता येत नव्हतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाई कोंढव्यात राहतात. उर्दू शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सगळे त्यांना आपा म्हणतात, मीही म्हणू लागले. झेरॉक्स घेऊन गेले तर त्यांनी ती नीट पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "हा शिकस्ता हात आहे, बेटा. घाईत लिहिणाऱ्या मुन्शीचा. मी वाचून दिलं तर तुला एक नाव मिळेल. शिकलीस तर पुढचे सगळे कागद मिळतील. बुधवारी आणि शनिवारी येत जा."

शिकस्ता म्हणजे मोडलेलं. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो ती याच घरातली. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं, पण पुढची अडीच वर्षं माझ्याबाबतीत अशा घरोब्याच्या शब्दांचीच गेली.

पहिल्या बुधवारी आपांनी माझ्यापुढे लहान मुलांचं पातळ पुस्तक ठेवलं. त्याला कायदा म्हणतात. आपल्याकडे कायदा म्हटलं की कोर्ट डोळ्यांसमोर येतं. अरबीत त्या शब्दाचा मूळ अर्थ पाया, बैठक. मुलाची वाचनाची बैठक ज्यावर बसते तो कायदा. पहिली काही पानं नुसत्या अक्षरांची. ती मला महिन्याभरात आली. ठिपके मोजायचे, एक खाली तर बे, दोन वर तर ते, तीन वर तर से. पुढच्या पानावर त्याच अक्षरांच्या वरखाली बारीक तिरक्या रेघा आल्या आणि आपा सुरात म्हणू लागल्या, "बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु." मी मागून म्हणायचं. याला हिज्जे करणं म्हणतात.

देवनागरीत वाढलेल्या माणसाला इथे एक गोष्ट मुद्दाम समजून घ्यावी लागते. आपला 'ब' लिहिला की त्यात 'अ' आलाच. तो नको असेल तर पाय मोडावा लागतो. अरबी लिपीतलं बे तसं नाही. ते एकटं असतं तेव्हा त्यात कुठलाच स्वर नसतो, ते नुसतं उभं असतं. त्याला हलवायला वर किंवा खाली खूण लागते, आणि त्या खुणेचं नावच हरकत, म्हणजे हालचाल. ज्या अक्षरावर हरकत आहे ते मुतहर्रिक, हललेलं. ज्यावर नाही ते साकिन, थांबलेलं.

साकिन ऐकल्यावर मी पेन खाली ठेवलं. मोडी कागदात माणसाच्या नावापुढे 'साकीन मौजे अमुक' असं येतं, म्हणजे त्या गावचा राहणारा. माणूस गावात थांबतो आणि अक्षर शब्दात थांबतं, धातू एकच. हरकत मात्र आपल्याकडे येऊन उलटी झाली. अरबीत अक्षराला चालवणारी ती मराठीत वाट अडवणारी झाली, नि आपण दिवसातून दहा वेळा 'काही हरकत नाही' म्हणतो. गवई मात्र स्वरावर हलकीशी हरकत घेतो तेव्हा मूळ अर्थ जसाच्या तसा असतो.

आपांना माझं हे थांबणं आवडायचं. पहिलीच्या पोरांनी कधी असं विचारलं नसेल. त्या म्हणाल्या, "आता जबर, जेर, पेश यांचे अर्थ तू मला सांग. तुला येतात."

मला येत नव्हते, म्हणजे येतात हे ठाऊक नव्हतं. ही तिन्ही फारसी नावं आहेत. जबर म्हणजे वर, म्हणून ती रेघ अक्षराच्या वर. जेर म्हणजे खाली, म्हणून रेघ खाली. पेश म्हणजे पुढे. मराठीत तिन्ही ठाण मांडून बसलेली. ज्याचा हात वर तो जबरदस्त, 'दस्त' म्हणजे हात. शत्रूला खाली आणला की तो जेरीस आला. घोड्याने मान वर झटकू नये म्हणून त्याच्या खालून जो पट्टा बांधतात तो जेरबंद. पुढे चालणारा तो पेशवा, पुढे दिलेले पैसे पेशगी. मी ते तीन शब्द वहीत लिहिले, जबरदस्त, जेरबंद, पेशवा, आणि पहिल्याच्या वर, दुसऱ्याच्या खाली, तिसऱ्याच्या पुढे एकेक खूण केली. ते पान अजून माझ्याकडे आहे. एक खबरदारी मात्र आपांनी तिथेच दिली. जबरी चोरीतला जबर वेगळा. तो अरबी 'जब्र', जीमने लिहायचा. आणि हा 'ज़बर' ज़े या अक्षराने. मराठी लिहिताना दोन्हींना एकच ज पुरतो, म्हणून ते सख्खे भाऊ वाटतात.

हे सगळं मला जमत होतं, फक्त पेश खटकत होता. खूण तर अक्षराच्या वर असते, छोट्या स्वल्पविरामासारखी. मग तिला 'पुढे' का म्हणायचं? आपा म्हणाल्या, "शनिवारी लाल पेन घेऊन ये."

त्या शनिवारबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी खरं शिकले ते त्या दिवशी.

आधी त्यांनी मला अबुल अस्वद अद्दुअली यांची गोष्ट सांगितली. हे बसऱ्याचे, सातव्या शतकातले. हिजरी ६९ मध्ये, म्हणजे इसवी ६८८ च्या सुमारास वारले. परंपरेत त्यांना अरबी व्याकरणाचा आद्य पुरुष मानतात. त्यांच्या मुलीची गोष्ट अशी की एका रात्री आकाश बघून तिला म्हणायचं होतं, किती सुंदर आहे आकाश! पण ती म्हणाली, 'मा अहसनु स्समाइ', शेवटी उकार लावून. त्याचा अर्थ होतो, आकाशात सगळ्यांत सुंदर काय? वडिलांनी सरळ उत्तर दिलं, तारे. मुलगी म्हणाली, मी विचारत नाही, मला नवल वाटतंय. तेव्हा ते म्हणाले, मग 'मा अहसन स्समाअ' म्हण, आणि तोंड उघड.

"तोंड उघड," आपांनी पुन्हा म्हटलं आणि स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. "फतहा. फारसीवाले जबर म्हणतात, अरब फतहा म्हणतात. फतह म्हणजे उघडणं."

किल्ला उघडला की फत्ते होते, एवढं मला माहीत होतं. पण एका स्वराचं नाव तोंड उघडण्यावरून पडलं आहे, हे त्या क्षणी त्यांच्या ओठांकडे बघताना मला एकदम दिसलं. बाकीची दोनही तशीच. इकाराचं अरबी नाव कसरा, कसर म्हणजे मोडणं. आपल्याकडे हिशेबात कसर राहते, पूर्ण आकडा कुठेतरी मोडून कमी पडतो तीच. उकाराचं नाव जम्मा, म्हणजे जुळवणं, ओठ एकत्र आणणं. मराठीत हा धातू मला सापडेना. आपा म्हणाल्या, "क्रिकेट बघतेस ना? इंजमाम." खरंच, इंजमाम म्हणजे एकात मिसळून जाणं, त्याच धातूतून.

अबुल अस्वद यांनी एक लेखनिक बसवला आणि त्याला सांगितलं, की माझ्या तोंडाकडे बघ. अक्षर म्हणताना मी तोंड उघडलं तर अक्षराच्या वर ठिपका दे. ओठ जुळवले तर अक्षराच्या पुढे दे. मोडलं तर खाली दे. नाकातून गुणगुणलो तर दोन ठिपके दे. शाई मजकुराच्या शाईहून वेगळ्या रंगाची. जुन्या कुराणांच्या चर्मपत्रांवर काळ्या अक्षरांभोवती जे लाल ठिपके दिसतात ते हेच.

"आता तू लेखनिक," आपा म्हणाल्या. त्यांनी कागदावर काळ्या पेनाने एक ते दहा हे अरबी आकडे बिनहरकतीचे लिहून दिले, माझे रोजचे सुहूर सनाचे आकडे, आणि समोर बसून एकेक सावकाश उच्चारू लागल्या. मी कानांवर भरवसा ठेवायचा नाही, फक्त ओठ बघायचे आणि लाल ठिपका द्यायचा.

'अर्बआ'. तोंड उघडं, ठिपका वर. रे वर काहीच नाही, ते साकिन. पुन्हा उघडं, पुन्हा वर. 'खम्सा' आला आणि मी चुकले. मीमपाशी त्यांचे ओठ मिटलेले मला स्पष्ट दिसले, म्हणून मी मीमच्या पुढे ठिपका दिला. आपांनी हात धरला. "ओठ मिटले तो मीम स्वतः. ते व्यंजनाचं मिटणं आहे. पेशमध्ये ओठ जवळ येतात, गोल होतात, पण वाट बंद होत नाही. पुन्हा बघ." त्यांनी 'मु' म्हटलं, मग नुसतं 'म्'. मी माझ्या बोटाने माझेच ओठ चाचपून पाहिले. पन्नाशीला आलेली मी, आयुष्यभर म आणि मु बोलत आलेली, आणि तो फरक पहिल्यांदाच बोटाला लागत होता.

'सित्ता', सहा. सीनखाली ठिपका, आणि 'ते' हे अक्षर दुप्पट. मोडीत आम्ही 'सीत' वाचतो. तिथे ते जोड गेलं आणि इकार लांबला. 'तिसआ', नऊ. हा मोडीत 'तिस्सा' होतो. अरबीत इथे स दुप्पट नाहीच, स नंतर घशातला ऐन आहे. आपल्या कारकुनाच्या कानाला त्या ऐनपाशी काहीतरी अडखळलं आणि त्याने स वर स ठेवून ती जागा भरून काढली. मला त्या अनोळखी कारकुनाबद्दल फार आपुलकी वाटली. त्याने जे ऐकलं ते आपल्या लिपीत पकडून ठेवलं, आणि अरबी लिपी जे स्वर लिहीत नाही ते त्याने मोडीत लिहून ठेवले.

दहाही आकडे झाले. वर ठिपके होते, खाली होते, पण अक्षराच्या पुढे एकही नव्हता. एक ते दहा मोजताना ओठ कुठेच गोल होत नाहीत. मी आपांकडे बघत राहिले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "शुहूर."

सुहूर सनातला सुहूर! शुहूर म्हणजे महिने, 'शहर' म्हणजे महिना याचं अनेकवचन. शीन म्हणताना ओठ गोल झाले. मी शीनच्या पुढे, ओळीवरच, पहिला लाल ठिपका दिला. पुढे, म्हणून पेश. खूण नंतर अक्षराच्या डोक्यावर गेली, पण फारसी नावात तिची जुनी जागा राहून गेली.

डोक्यावर ती नेली खलील इब्न अहमद यांनी. तेही बसऱ्याचेच, शंभरएक वर्षांनंतरचे, अरबीचा पहिला मोठा शब्दकोश आणि छंदशास्त्र रचणारे. अक्षरांचे स्वतःचे ठिपके आणि स्वरांचे ठिपके असा दुहेरी घोटाळा होत होता, आणि लिहिणाऱ्याला दोन शायांचा खटाटोप. खलील यांनी ठिपक्यांऐवजी अक्षरांचीच पिल्लं घेतली. जबर म्हणजे आडवा निजवलेला छोटा अलिफ. पेश म्हणजे छोटा वाव. नीट बघा, त्याला वावचं डोकं आणि शेपूट आहे. अक्षर दुप्पट करणारी तश्दीद म्हणजे शीनचं नुसतं डोकं, 'शद्द' या शब्दाचं पहिलं अक्षर. आपांनी प्रत्येक मोठं काढून मग लहान करत दाखवलं. तेव्हापासून मला त्या खुणा रेघा वाटतच नाहीत.

बाकीच्या खुणा भराभर झाल्या. अलिफवरची लाटेसारखी मद म्हणजे ताणणं, लांबवणं. आपली मदत आणि मुदत दोन्ही त्याच धातूच्या, एक पुढे केलेला हात आणि दुसरी लांबवलेली वेळ. तनवीन म्हणजे शेवटी नून लावणं, तिच्यासाठी दोन जबर, दोन जेर किंवा दोन पेश. 'फौरन' मधला न तो. साकिनवरच्या खुणेला उर्दूत जज्म म्हणतात, म्हणजे तोडणं. आणि शब्दाचं पहिलं अक्षर साकिन नसतं हा नियम. आपांच्या बिल्डिंगमधले आजोबा 'इस्कूल' म्हणतात, ते या नियमाला धरून.

त्या रात्री घरी येऊन मी 'दामदौलतहू' उघडलं. अरबीत ते दाम दौलतुहू. दौलत वाक्याची कर्ता, म्हणून तिच्यातल्या 'ते' या अक्षरावर पेश. मोडीत तो पेश पडला, 'तु'चा 'त' झाला. 'हू' वरचा तेवढा टिकला. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर अर्धा मायना होता.

मग आपांनी हरकती काढून घेतल्या. हा टप्पा सगळ्यांत अवघड. कायद्यात आणि कुराणात हरकती असतात, पण वर्तमानपत्रात, पत्रात, दुकानाच्या पाटीवर नसतात. वाचणाऱ्याने त्या स्वतः घालायच्या. शिकस्तात तर अक्षरांचे ठिपकेही गळतात. मोडीची सवय मला इथे थोडी कामी आली, कारण मोडीतही ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही आणि संदर्भावरून शब्द उचलावा लागतो. पण तिथे किमान काना-मात्रा असतात. इथे शब्द आधी येत असेल तरच तो वाचता येतो. पहिले सहा महिने मी एका ओळीला एक संध्याकाळ घालवत होते.

शेवटी, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला, मी त्या सहा ओळींना हात घातला. पाच ओळींत जमीन, गाव, हुकूम, सगळं लागलं. सहाव्यात मीम, लाम, काफ आणि पुढे अंबर. मी वाचलं 'मुल्क-ए-अंबर', अंबरचा मुलूख. दोन शब्दांमधला तो 'ए' जोडणारा जेर फारसीत बहुधा लिहीतच नाहीत, त्यामुळे त्याच्या नसण्याने मला शंका आली नाही. अंबर हे गावाचं किंवा परगण्याचं नाव असेल असं मी ठरवून टाकलं. घरच्यांना फोन करून सांगितलं, की सनद देणाऱ्याचं नाव कागदात नाही, फक्त मुलखाचा उल्लेख आहे. त्यांनी शांतपणे "बरं" म्हटलं. त्या "बरं"मधली निराशा मला ऐकू आली होती.

बुधवारी मी वही आपांसमोर ठेवली. त्यांनी चूक सांगितली नाही. एका कोऱ्या कागदावर मीम, लाम, काफ चार वेळा लिहिलं आणि म्हणाल्या, "हरकती घाल. चार वेगळे शब्द हवेत."

मीमवर पेश, लाम साकिन: मुल्क, आपला मुलूख. मीमला जेर, लाम साकिन: मिल्क, मालकीची वस्तू, जुन्या कागदातली मिलकत. मीमवर जबर, लामवरही जबर: मलक, फरिश्ता. चौथ्याला मी मीमवर जबर दिला आणि पेन लामखाली नेलं, आणि तिथेच माझा हात थांबला.

मलिक. मलिक अंबर.

निजामशाहीचा पेशवा, महाराष्ट्राच्या जमिनीची मोजणी आणि सारा बसवून देणारा, १६२६ मध्ये वारलेला. त्याच्या काळच्या सनदेची ती नक्कल होती. एवढं मोठं नाव एका न लिहिलेल्या जेरमागे होतं, आणि मी त्याचा मुलूख करून टाकला होता.

फोन पुन्हा केला. माझी चूक झाली हे आधी सांगितलं, मग नाव सांगितलं. पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मग त्यांनी घरात कोणाला तरी मोठ्याने हाक मारली.

पुढच्या शनिवारी मी ती झेरॉक्स आपांना दाखवायला नेली. सहाव्या ओळीतल्या लामखाली मी पेन्सिलीने एक बारीक जेर देऊन ठेवला होता, पुन्हा चुकू नये म्हणून. आपांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, आणि पर्समधून खोडरबर काढून माझ्या हातात दिला.

"आता खोड," त्या म्हणाल्या, "आणि वाच."

मी खोडलं, आणि वाचलं.